खांब बुडाशी कुजतो

वैशाखात डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर शाकारणीचे दिवस येतात. छपराचा पेंढा किंवा कौले उतरतात, वासे तपासले जातात, आणि कोणीतरी कोयत्याचे टोक खांबाच्या बुडाशी टोचून पाहतो. छातीच्या उंचीला खांब ठणठणीत वाजतो. जमिनीलगत मात्र टोक भिजलेल्या भाकरीत शिरावे तसे आत जाते. खांब उपटला तर जमिनीत खोल गेलेले टोकही पुष्कळदा बऱ्यापैकी शाबूत निघते. कुजलेला असतो तो मधला पट्टा, जमिनीच्या वर चार बोटे आणि खाली वीत-दीड वीत.

लाकूड टिकवायच्या सगळ्या जुन्यानव्या उपायांची परीक्षा याच पट्ट्यात होते. त्यांतले दोन उपाय सर्वांत जुने आणि सर्वांच्या आवाक्यातले आहेत: लाकूड वरवर जाळून काळे करणे आणि त्याला तेल पाजणे. अलीकडे जळक्या लाकडाच्या जपानी भिंतींची छायाचित्रे सगळीकडे पोचली आहेत आणि समुद्रकाठच्या नव्या घरांना तशा काळ्या फळ्या लावण्याची हौसही वाढली आहे. त्यामुळे या उपायांचा नीट हिशेब मांडायची वेळ आली आहे. जाळल्याने खरेच काय होते? कोणते तेल कशाला चालते? आणि कुडाच्या घरात राहणाऱ्या माणसाला यातून काय मिळते? माझे म्हणणे आधीच सांगतो. आग आणि तेल ही औषधे आहेत. पथ्य पाण्याचे आहे, आणि पथ्य मोडले तर कोणतेही औषध लागू पडत नाही.

कुजते म्हणजे काय होते

लाकूड कुजवणारी बुरशी जिवंत असते. तिला अन्न, हवा, ऊब आणि पाणी या चार गोष्टी लागतात. अन्न म्हणजे लाकूडच. हवा आणि ऊब आपल्याकडे बारमाही आहे. आपल्या हातात राहते ते फक्त पाणी. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली असेल तर बुरशी वाढत नाही. तो ३० टक्क्यांच्या आसपास गेला आणि तसाच राहिला की कुजणे सुरू होते. जमिनीत खोलवर ओल असते पण हवा कमी पडते. वर हवा असते पण लाकूड वाळत राहते. जमिनीलगतच्या पट्ट्यात ओल आणि हवा दोन्ही भरपूर मिळतात, म्हणून बुरशी तिथेच संसार मांडते.

तिच्या जोडीला वाळवी येते. गुजरातच्या बाजूला तिला उधई म्हणतात. ती मातीतून मातीचेच बोगदे बांधत वर चढते आणि कुजून मऊ झालेले लाकूड तिला अधिकच सोपे जाते. उन्हाचा अपराध त्या मानाने लहान आहे. सूर्यप्रकाशातली अतिनील किरणे लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे लिग्निन तोडतात, मग पाऊस ते धुऊन नेतो आणि लाकूड राखाडी पडते. या झिजेत शंभर वर्षांत काही मिलिमीटर जातात. पण ऊन आणखी एक काम करते. ते लाकूड तडकवते, आणि उन्हाळ्यातली प्रत्येक भेग पावसाळ्यात पाण्याची वाट होते. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कडक ऊन या चक्रात लाकूड दर वर्षी फुगते आणि आकसते. डहाणूच्या किनारपट्टीवर त्यात खारी हवाही मिसळते.

जंगल होते तेव्हाचे घर

इथल्या वारली आदिवासींच्या घराची जुनी रचना या शत्रूंना ओळखून केलेली दिसते. भार वाहणारे खांब सागाचे, खैराचे किंवा ऐनासारख्या जड लाकडाचे. भिंत कारवीच्या काठ्यांच्या कुडाची, आतबाहेर शेणमातीने लिंपलेली. छप्पर उतरते. चुलीला धुराडे नाही, त्यामुळे धूर घरभर फिरून छपरातूनच बाहेर पडतो. डोळ्यांना आणि छातीला त्याचा त्रास होतो हे खरे. चुलीपुढे बसणाऱ्या बाईची फुप्फुसे त्याची किंमत मोजतात आणि त्या धुराचे कौतुक करणे मला जमणार नाही. पण आढे, वासे आणि बांबूच्या रिपा धुराने काळ्याभोर होतात, कोरड्या राहतात आणि किडीला नकोशा होतात हेही तितकेच खरे आहे. घराला रोज थोडी थोडी धुरी मिळत होती. बिनधुराच्या चुली आणि गॅस आले ही चांगलीच गोष्ट झाली. त्याबरोबर छपराचे एक संरक्षण गेले, याची दखल मात्र कोणी घेतली नाही.

त्याहून मोठा बदल लाकडाचा आहे. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने भारतातल्या लाकडांची टिकाऊपणाची प्रतवारी केली, ती लाकडे जमिनीत पुरूनच. गाभ्याच्या लाकडाचे ६० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर जाड खुंट अर्धे मातीत गाडून ठेवायचे आणि किती महिन्यांत संपतात ते पाहायचे. सरासरी १२० महिने किंवा त्याहून अधिक टिकला तर पहिली प्रत, ६० ते १२० महिने दुसरी, ६० च्या आत तिसरी. साग आणि खैर पहिल्या प्रतीत बसतात, आंबा आणि सावर तिसऱ्या. ही प्रतवारी फक्त गाभ्याची आहे हे विसरू नये. सालीलगतचा फिकट भाग सागाचा असला तरी लवकर कुजतो. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी वाळवीला नकोशी द्रव्ये असतात. फिकट भागात ती नसतात.

डहाणू आणि तलासरीच्या डोंगरांतले पहिल्या प्रतीचे लाकूड कुठे गेले, हा इतिहास इथल्या लोकांना सांगावा लागत नाही. १९४५ साली तलासरीतल्या झरी गावच्या परिषदेतून वारल्यांचा उठाव उभा राहिला. गोदावरी परुळेकरांनी त्याची हकिकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवली आहे. त्या लढ्यात वेठीबरोबरच जंगल ठेकेदारांकडच्या मजुरीचा प्रश्नही होता. ज्यांच्या कुऱ्हाडीने साग तुटला, त्यांच्या घरात तो क्वचितच राहिला. आज घराला आणि कुंपणाला मिळते ते सुरू, निलगिरी, सुबाभूळ यांचे कोवळे लाकूड. त्यात गाभा थोडा आणि फिकट भाग फार. आजोबांचा खांब विनाऔषध टिकला आणि नातवाचा टिकत नाही, याचे कारण नातवाचा आळस नाही. लाकूडच वेगळे आहे. म्हणून ते टिकवण्याच्या उपायांना इथे शोभेपेक्षा मोठा अर्थ आहे.

आग

पुरण्याआधी खांबाचे बूड जाळण्याची चाल जगात फार ठिकाणी आढळते. रोमन वास्तुविद विट्रुव्हियसने ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात लिहिलेल्या ग्रंथात पायात ठोकायचे लाकडी खुंट भाजून घ्यायला सांगितले आहे. आपल्याकडेही अनेक भागांत कुंपणाच्या खांबाचे बूड शेकोटीत फिरवून काळे करतात. त्यामागचा तर्क सरळ आहे. कोळसा बुरशी खात नाही आणि वाळवीही खात नाही.

तर्क बरोबर असूनही निकाल मात्र तसा लागत नाही. अमेरिकेतल्या मॅडिसनच्या वनोपज प्रयोगशाळेने कुंपणाच्या खांबांवर चाचण्या घेतल्या, तेव्हा जाळलेले खांब न जाळलेल्यांपेक्षा उल्लेखनीय असे जास्त टिकले नाहीत. कारण कोळशाच्या थरातच आहे. आगीत लाकूड मिनिटाला जेमतेम ०.६ ते ०.७ मिलिमीटर जळते, म्हणजे शेकोटीतल्या चार-पाच मिनिटांत तयार होणारा थर तीन मिलिमीटरच्या आसपासच असतो. हा थर ठिसूळ असतो. खांब ओला असताना जाळला तर पुढे वाळताना तो तडकतो आणि भेगांतून पाणी थेट न जळलेल्या लाकडापर्यंत पोचते. कोळसा स्वतः कुजत नाही, पण आतल्या लाकडाचा बंदोबस्तही करत नाही. थर जाड करायला जास्त जाळावे, तर खांबच बारीक होतो.

मग जपानी काळ्या भिंती कशा टिकतात? त्या पद्धतीचे नाव याकिसुगी. सुगी हे जपानी सूचिपर्णी झाड. त्याच्या तीन फळ्या बांधून त्रिकोणी नळकांडे करतात, उभे धरून खालून विस्तव लावतात, आणि नळकांडे धुराड्यासारखे ओढ घेऊन आतून पेटते. काही मिनिटांत फळ्या सोडवून पाण्याने विझवतात. पश्चिम जपानमधल्या नाओशिमासारख्या बेटांवर अशा फळ्यांच्या भिंती खाऱ्या वाऱ्यात दशकानुदशके उभ्या आहेत. पण त्या भिंती आहेत, जमिनीत पुरलेले खांब नव्हेत. फळी उभी असते, तिच्यामागे हवा खेळते आणि पाऊस पडून गेला की ती वाळते. कोळसा तिथे उन्हापासून आणि पृष्ठभागावरच्या झिजेपासून वाचवतो, आणि वाळण्याचे काम हवा करते. म्हणजे पाण्याचे पथ्य तिथे आधीच सांभाळलेले असते.

तरीही आग फुकट जात नाही. धगीने लाकूड वाळते आणि आतली कीड व अंडी मरतात. २०० अंशांच्या आसपास तापलेल्या लाकडात रासायनिक बदल होऊन ते पाणी कमी शोषते. फिनलंडमध्ये याच तत्त्वावर भट्टीत लाकूड तापवण्याचा उद्योगच उभा आहे. आपल्या शेकोटीत तितका ताबा राहत नाही, पण दिशा तीच आहे. शिवाय तापलेल्या लाकडाची रंध्रे मोकळी असतात, म्हणून ते तेल जास्त पिते. आग ही खरे तर तेलाची तयारी आहे. जाळून सोडून दिलेला खांब अर्ध्यावर सोडलेल्या कामासारखा आहे.

तेल

डोंगरपट्टीची परंपरा आगीची आणि धुराची, तर किनारपट्टीची तेलाची. झाई, बोर्डी, नरपड, डहाणू, धाकटी डहाणू, वरोर, चिंचणी अशा गावांच्या किनाऱ्याला लाकूड वाचवण्याची लढाई अधिक कठीण. समुद्रात बुरशीपेक्षा भयंकर शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारे शिंपल्याच्या कुळातले प्राणी. ते बाहेरून टाचणीएवढे भोक पाडून आत शिरतात आणि फळी आतून जाळीसारखी पोकळ करतात. पश्चिम किनाऱ्यावर जहाजाच्या बुडाला चुना आणि चरबीचा लेप देत, सांध्यांत कापूस ठासत, राळ आणि चंद्रूस तेलात कढवून लावत. उंडीच्या बियांचे तेल, माशाचे तेल आणि काजूच्या टरफलाचे काळे, दाहक तेल हीही होडीची जुनी औषधे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत होडी किनाऱ्यावर ओढली जाते आणि वाळते. बुडातल्या किडीला हा उपाससुद्धा औषधच असतो.

सगळी तेले मात्र सारखी नाहीत, आणि इथे बहुतेकांची गल्लत होते. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन आवळते आणि लाकडाच्या तंतूंत कडक पापुद्रा धरते. उकळून तयार केलेले जवसाचे तेल रंगाच्या दुकानात ‘बेल तेल’ म्हणून मिळते, ते कच्च्यापेक्षा लवकर सुकते. करंजाचे, कडुनिंबाचे आणि खोबरेल तेल असे सुकत नाही. ते लाकडात ओलसरच राहते, धूळ धरते आणि काही पावसांत धुपून जाते. करंज-निंबातली कडू द्रव्ये किडीला नकोशी असतात, म्हणून घरातल्या वाशांना आणि अवजारांच्या दांड्यांना ती चालतात. उघड्यावरच्या खांबाला ती पुरत नाहीत.

काजूच्या टरफलाचे तेल यांत वेगळे उठून दिसते. त्यातली अनाकार्डिक आम्ल आणि कार्डोलसारखी द्रव्ये कीड व बुरशी दोन्हींना रोखतात. हातालाही ती बिब्ब्यासारखी पोळवतात, कारण काजू आणि बिब्बा एकाच कुळातले आहेत. बंगळुरूच्या काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत या तेलात तांबे मिसळून लाकूडरक्षक बनवण्यावर संशोधन झाले आहे. कोकणात काजूप्रक्रिया होत असताना हे तेल आपल्या खांबांपर्यंत पोचत नाही, ही हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे.

तेलातल्या रंगाचेही महत्त्व आहे. नुसते पारदर्शक तेल ऊन अडवत नाही. त्यात गेरू मिसळला तर त्यातले लोहाचे ऑक्साइड अतिनील किरणे अडवते. ज्या गेरूवर वारली चित्रांच्या पांढऱ्या रेषा उमटतात, तोच गेरू जवसाच्या तेलात कालवला तर दार-चौकटींसाठी स्वस्त आणि खरा संरक्षक रंग होतो. जळालेल्या फळीवर कोळसाच हे काम करतो.

तेलाची आणखी एक खोड माहीत असावी. लाकडाच्या बाजूपेक्षा कापलेल्या तोंडातून ते कितीतरी पट अधिक शिरते, कारण झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तिथे उघड्या असतात. पाणीही तिथूनच शिरते. म्हणून ब्रश बाजूवर फिरवून समाधान मानू नये. बूड तेलाच्या डब्यात उभे करून ठेवावे आणि डोक्यालाही तेल पाजावे. तसेच जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

टाकीतली औषधे आणि चुलीची कसोटी

औद्योगिक जगाने हा प्रश्न दाबाच्या टाकीत सोडवला. १८३८ मध्ये जॉन बेथेलने दगडी कोळशापासून मिळणारे क्रिओसोट लाकडात दाबाने भरण्याचे पेटंट घेतले आणि रेल्वेचे लाकडी स्लीपर दशके टिकू लागले. १९३३ साली सोंटी कामेशम यांनी देहरादूनच्या संस्थेत तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण शोधले. ‘अ‍ॅस्कू’ नावाने ते जगभर गेले. लाकूड टिकवण्याच्या इतिहासातला हा भारताचा सर्वांत मोठा वाटा आहे. पुढे आर्सेनिकच्या धोक्यामुळे अमेरिकेत २००४ पासून घरगुती वापराच्या लाकडासाठी त्याचा वापर जवळपास थांबला. लाकूडरक्षणाची आपली राष्ट्रीय संहिता आयएस ४०१ ही आहे. त्यातली बहुतेक औषधे टिकाऊपणाच्या बाबतीत आग-तेलाला सहज मागे टाकतात.

पण पाड्यावरच्या खांबाची गोष्ट पुरल्यावर संपत नाही. जुना खांब उपटला की त्याची फळकुटे होतात आणि ती चुलीत जातात. म्हणून इथल्या कोणत्याही औषधाला माझी एक कसोटी आहे: हे लाकूड पुढे चुलीत जाळता येईल का? आर्सेनिकचे लाकूड जाळले तर धूर आणि राख दोन्ही विषारी. क्रिओसोटचेही तसेच. गावोगावी सर्वांत जास्त वापरले जाणारे गाडीचे जळके ऑइल याच कसोटीवर नापास होते. ते फुकट मिळते, वाळवी काही काळ थोपवते, पण त्यात इंजिनातले जड धातू आणि कर्करोगकारक संयुगे असतात. ती माती आणि विहिरीच्या पाण्यात उतरतात आणि शेवटी चुलीच्या धुरात येतात. कोळसा आणि जवसाचे तेल या कसोटीला उतरतात. बोरॅक्स-बोरिक आम्लाचे द्रावणही त्या मानाने सौम्य आहे, पण पावसात धुऊन जाते. म्हणून ते छपराखालच्या लाकडाला आणि बांबूलाच द्यावे.

बांबूचे वेगळे गणित

बांबूला आग आणि तेल दोन्ही कमी मानवतात. त्याच्या अंगात पिष्टाचा साठा असतो आणि भुंग्याला तोच हवा असतो. बंद पेरे तापवली तर आतली हवा फुगून ती फुटतात. उपाय न केलेला बांबू मातीत एक ते तीन वर्षे टिकतो; छपराखाली, जमिनीपासून दूर, चार ते सात. चार पानकळे न पाहिलेला बांबू तोडू नये, तो पावसाळ्यानंतर तोडावा, वाहत्या पाण्यात भिजवून पिष्ट काढावे, मग बोरॅक्सच्या द्रावणात मुरवावा. छपराखालच्या बांबूसाठी एवढे पुरेसे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू हे गौण वनोपज आहे. भारतीय वन कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून निघाला. बांबूची वाट कायद्याने मोकळी झाली आहे. टिकवण्याचे ज्ञान त्या वाटेने अजून पोचायचे आहे.

पथ्य

कोकणातल्या जुन्या वाड्यांत खांब मातीत पुरत नसत. त्याच्याखाली तळखडा असे. दगडाच्या बैठकीवर उभ्या खांबाला जमिनीची ओल चढत नाही, वाळवीचा बोगदा नजरेला पडतो आणि जमिनीलगतचा तो घातक पट्टाच राहत नाही. जोते उंच, वळचण लांब, पागोळ्यांचे पाणी खांबापासून दूर आणि झडीला आडवे बांधलेले झाप. लाकूडरक्षणाचे निम्मे शास्त्र या शब्दांत आहे. आग आणि तेल हे उरलेल्या निम्म्यासाठी.

या भागात हे पथ्य पाळायला आणखी एक कारण आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाच्या लहान-मोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि लोकांनी रात्री उघड्यावर काढल्या. कुडाचे हलके घर धक्क्यात लवते, हे त्याचे बळ. पण लवायला खांबाचे बूड धड हवे. तळखड्यावरचा खांबही बैठकीत नीट खोचलेला आणि वर तुळईशी पक्का बांधलेला हवा.

जिथे खांब पुरणे टळत नाही, तिथे या साऱ्या आढाव्यातून निघणारा क्रम असा. लाकूड दिवाळीनंतर तोडलेले, सोललेले आणि सावलीत सहा महिने वाळलेले घ्यावे. बुडापासून जमिनीवर हातभर येईल इतकाच भाग चहूबाजूंनी सारखा जाळावा, सुट्टा कोळसा घासून काढावा. विस्तव पूर्ण विझल्यावर, लाकूड कोमट असताना जवसाचे तेल दोन-तीनदा पाजावे. खड्ड्याच्या तळाशी खडी घालावी, वरची माती उतार देऊन चोपावी, खांबाचे डोके तिरके कापावे. दर वैशाखात जमिनीलगतचा तो पट्टा तपासून पुन्हा तेल द्यावे.

हा क्रम किती वर्षे देईल, हे सांगायला इथलीच माती आणि इथलाच पाऊस हवा. कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. देहरादूनसारखे खुंट तिथे पुरावेत: सुरू, निलगिरी, सुबाभूळ आणि बांबूचे, नुसते, जाळलेले, तेल पाजलेले, जाळून तेल पाजलेले आणि काजूच्या तेलाचे. खर्च नगण्य आहे. लागेल ती दहा वर्षांची चिकाटी, आणि दर वैशाखात त्या खुंटांच्या बुडाशी कोयत्याचे टोक टोचून पाहणारा माणूस. असा माणूस प्रत्येक पाड्यावर आजही आहे. त्याच्या टोचण्याची नोंद वहीत होऊ लागली, तर पुढच्या पिढीला आपल्या खांबाचे आयुष्य अंदाजाने सांगावे लागणार नाही.